वाळ्याच्या पिशवीवरचा क

गुणाबाई एक दिवस आईचं शिवणाचं मशीन न्यायला येणार, हे अनुयाला पाच महिने ठाऊक होतं. तरी पौषातल्या त्या शनिवारी दुपारी ती दारात उभी दिसली, तेव्हा अनुयाच्या तोंडून निघून गेलं, "आज कसं काय?"

"सहज आले," गुणाबाई म्हणाली. चपला काढताना तिनं दाराच्या चौकटीला हात धरला. "आन् सहज तरी कसं बोलू. तुमाला म्हाईतच हाय."

अनुयाला माहीत होतं. आईनं जाण्याच्या आठवडाभर आधी दोघींना पलंगाशी बसवून सांगितलं होतं, की मशीन गुणाला द्यायचं. अनुया तेव्हा मोसंबं सोलत होती. तिनं मान डोलावली. आई जाणार हेच तिच्या मनानं त्या दिवशी कबूल केलं नव्हतं, मग मशीन जाणार हे कबूल करायला काय जातंय, असं झालं होतं.

श्रावणात आई गेली. चौदा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. पुण्याहून भाऊ सत्यजीत आला, त्याची बायको सुनीता आली. मग सगळे आपापल्या घरी गेले आणि पनवेलच्या लाइन आळीतल्या त्या दोन खोल्यांत अनुया उरली. वय एकोणचाळीस, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी, लग्न केलेलं नाही. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. दोन माणसांच्या घरात आतून आवाज आला की कोणीतरी काहीतरी करतंय असं असतं. एकटीच्या घरात प्रत्येक आवाज आपणच केलेला असतो. संध्याकाळी ती कुलूप काढून आत शिरायची तेव्हा सकाळी ज्या जागी कप ठेवला त्याच जागी तो असायचा, आणि तेवढंही तिला काही दिवस सहन होत नसे.

मशीन खिडकीशी होतं. जुनं पायमशीन, काळ्या डोक्यावरची सोनेरी वेलबुट्टी आईच्या मनगटानं घासून अर्धी पुसलेली. पाच महिन्यांत अनुयानं त्यावरची चादर काढली नव्हती.

"बसा ना," ती म्हणाली. "पाणी देते."

गुणाबाई खुर्चीवर बसली, उजवा पाय लांब करून. ती जवळच्या ओवे गावची. पन्नाशीला आलेली, अंगानं काटक, कपाळावर मोठं कुंकू. शेत सरकारी योजनेत गेलं, त्याचे आलेले पैसे घरात आणि लग्नांत संपले, आणि सहा वर्षांपूर्वी ती आईकडे ब्लाऊज शिवायला शिकायला म्हणून आली ती भरतकाम शिकून राहिली. आधी आठवड्यातून तीन दिवस एसटीनं यायची, मग रोज. आई तिला गुणे म्हणायची. अनुयाला मात्र आईनं मशीनपाशी कधी बसू दिलं नव्हतं. "तू वाच," म्हणायची. अनुयानं वाचलं. इतकं वाचलं की साधं ब्लाऊजचं बटण लावायचं झालं तरी तिच्या सुईत दोरा जात नसे.

"माझा दीर टेम्पो चालवतो," पाणी पिऊन गुणाबाई म्हणाली. "तो बोल्ला आईतवारी येतो. म्हनून इचारायला आले."

अनुया चादरीकडे बघत होती. "गुणाबाई," ती म्हणाली, "न्यायच्या आधी मला एक पिशवी करून द्याल? वाळ्याची. आईच्या नावाची."

"बाईंच्या?"

"घरात एकपण नाहीये. सगळं कपाट शोधलं मी."

हे खरं होतं. पिशव्यांचा धंदा आईच्या हाताला लागला तो बिल्कीसमुळे. मागच्या आळीतली बिल्कीस, नवरा कुवेतला. एकदा तिथून तिनं कपड्यांत ठेवायची एक परदेशी पिशवी आणली. तळहाताएवढी, आत कसली तरी वाळलेली फुलं, वर रेशमानं काढलेलं इंग्रजी अक्षर. "भाभी, ऐसा बना के देंगी? जास्मीनच्या निकाहला पंचवीस लागतील," ती म्हणाली होती. आईनं ती पिशवी उसवून बघितली, परत शिवून दिली, आणि फुलांच्या जागी वाळा, बकुळ आणि कापराची वडी घालून पंचवीस पिशव्या आठ दिवसांत केल्या. मग त्या लग्नाला आलेल्या बायकांनी मागितल्या, मग त्यांच्या उरणच्या नातेवाइकांनी. आई मराठी सातवी. इंग्रजी अक्षरं तिला वाचता यायची नाहीत. ती त्यांना नुसत्या आकारावरून ओळखायची, उंबऱ्याचं, दोन शिखरांचं, विळ्याचं. अशा तीनशे-चारशे पिशव्या तिच्या हातून गेल्या आणि लोकांच्या कपाटांत पोचल्या. स्वतःच्या नावाची एक करावी असं तिला कधी वाटलं नाही, आणि अनुयालाही कधी सुचलं नाही.

"करूया की," गुणाबाई म्हणाली. "कोनतं अक्षर?"

"क. कमळाचा क. मराठीतला."

गुणाबाईनं मशीनचा खण उघडून बटरपेपरांची गुंडाळी काढली. प्रत्येक कागदावर एक अक्षर, पेन्सिलीनं काढून त्या रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडलेलं. कागद कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा, की भोकांतून ठिपके उतरतात आणि कापडावर अक्षर दिसायला लागतं. तिनं सगळे कागद उलगडून पाहिले. "मराठी छापा नाय आपल्याकडं. कोनी मागलाच नाय कधी."

"मी काढून ठेवते," अनुया म्हणाली. "पुढच्या शनिवारपर्यंत."

"मंग टेम्पो?"

"पिशवी झाली की."

गुणाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि ती उठली. जिना उतरताना तिचा कठड्यावरचा हात सरकत सरकत गेला, तो आवाज अनुयानं दार लावेपर्यंत ऐकला. एक आठवडा मिळाला होता.

त्या आठवड्यात तिनं लायब्ररीच्या टेबलावर क काढला. एक नाही, तीसेक. पुस्तकांच्या पाठीवर नंबर लिहून तिचं अक्षर घटवलेलं होतं. शनिवारी तिनं सगळ्यांत चांगला कागद गुणाबाईपुढे ठेवला.

गुणाबाईनं तो उजेडात धरला, बोटानं गिरवला आणि हसली. "ताई, हे पुस्तकातलं अक्षर झालं."

"म्हणजे?"

"म्हंजे वाचायला बेस हाय. पन सुई हितून कुटं जाईल? ह्या टोकाला आली, आता परत कशी येईल? दोरा तोडावा लागंल. बाई काय बोलायच्या, एकदा सुई आत गेली की अक्षर पुरं करूनच भाईर आली पायजे."

"मग कसं काढू?"

"आधी डोक्यावरची रेघ. मंग दांडा खाली. दांड्यावरून अर्ध्यात वर या, डाव्या अंगाची गोल वाटी भरा, तितूनच उजवीकडं पलटी मारा." तिनं हवेत बोट फिरवलं. "आन् ह्या वाटीचं पोट मोठं करा. बारीक पोटात टाके एकावर एक चढतात, मंग त्याची गाठ होते. सहा वर्सं मी बाईंच्या शिव्या खाल्ल्या. आता घटकाभर मला देऊद्या."

"द्या," अनुया म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला हसू आलं.

त्या दुपारी दोघींनी मिळून क काढला. अनुया काढायची, गुणाबाई बोटानं वाट चालून बघायची आणि "हितं अडकली" म्हणायची. अखेर जे अक्षर झालं ते कुठल्याही पुस्तकात बसलं नसतं. पोट सुटलेलं, डोक्यावरची रेघ जराशी लांब, आडव्या खांद्यासारखी. गुणाबाईनं त्याला भोकं पाडायला घेतली तोवर एसटीची वेळ झाली. आणखी एक आठवडा मिळाला. अनुयाला आपण काय करतोय ते कळत होतं. मशीन जाईल तेव्हा जाईल, पण आज नको, एवढंच तिला हवं होतं.

तिसऱ्या शनिवारी मात्र टाळण्यासारखं काही उरलं नाही. पांढऱ्या पॉपलिनचा तुकडा धुऊन, इस्त्री करून तयार होता. अनुयानं स्वतःच्या हातानं मशीनवरची चादर काढली आणि घडी करून पलंगावर ठेवली. गुणाबाईनं कापड दाबणारी पट्टी काढून टाकली, कापड पुढे सरकवणारे दात स्क्रू फिरवून खाली घातले. "आता मशीन आंधळं झालं," ती म्हणाली. "आता हातच डोळे." तिनं कापडावर निळे ठिपके उतरवले आणि ते लाकडी रिंगमध्ये ताणून बसवलं. हातानं भरताना रिंग धरतात त्याच्या उलट, म्हणजे कापड तळाला मशीनवर सपाट टेकेल असं. बोटानं टिचकी मारली तर ते डफासारखं वाजलं.

"तुमी च्या टाका," ती म्हणाली. "कोनी डोक्यावर हुबं असलं का माझा हात भ्येतो."

अनुया स्वयंपाकघरात गेली. पाणी उकळत असताना मशीन सुरू झालं. पाच महिन्यांनी. आधी दोन-चार थबकते ठोके, मग सलग, मग थांबून परत. तो आवाज तिच्या कानांत जन्मापासून मुरलेला होता. त्याच आवाजात तिनं शाळेचा अभ्यास केला, बी. ए. केलं, वडील गेल्यावर दुपारच्या दुपारी पुस्तक उघडं धरून काही न वाचता बसून काढल्या. तिनं कपांत चहा गाळला, दोन्ही कप घेतले आणि खोलीच्या दारात येऊन थांबली.

गुणाबाई पाठमोरी होती. डावा पाय मागे घेऊन स्टुलाच्या आडव्या दांडीवर टेकवलेला. पायडलवर उजवा एकटा पाय, टाच आणि चवडा, टाच आणि चवडा. त्यामुळे सगळं अंग किंचित उजवीकडे कललेलं, डावा खांदा वर, मान त्या बाजूला. साडी वेगळी, अंबाडा वेगळा, बाकी आई.

अनुया उभी राहिली. चहावर साय धरली.

आईचा डावा पाय लहानपणापासून लुळा होता. मांडीपासून बारीक, मनगटाएवढा. सोमणांच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा तो पाय अनुयाच्या वडिलांना, दीनानाथ सोमणांना, दाखवलेला नव्हता, आणि त्यांनी पुढे त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. आई साडी घोट्याच्याही खाली नेसायची आणि हळू चालायची. लोक विचारायचे त्यांना "गुडघे धरलेत" सांगायची, पंचविशीतसुद्धा. तो पाय नीट पाहिलेलं माणूस वडिलांनंतर एकच होतं. रोज दिवेलागणीनंतर अनुया त्याला तेल चोळायची.

"आल्या का," गुणाबाई मागे न बघता म्हणाली. मशीन थांबवून तिनं उजव्या गुडघ्यावर दोन्ही हात दाबले आणि डोळे मिटले.

"दुखतंय?"

"दुखतंय म्हंजे? गेल्या पावसापास्नं सुजलाय. रातचा ठनकतो." तिनं कप घेतला. "एकाच पायावर सगळा भार ना."

अनुयानं स्वतःचा कप खाली ठेवला. "दोन्ही पाय का नाही लावत?"

गुणाबाईनं तिच्याकडे अशी नजर टाकली, की लायब्ररीवाल्या ताईला हे कुठून ठाऊक असणार. "साध्या शिलाईला दोन. भरताला एकच. मीबी पयल्या दिशी दोन लावलेवते. तर बाई बोल्ल्या, गुणे, भरताला एकच पाय चालतो, दुसरा लागला का टाका धावतो. आन् खरं हाय ते. बाईंचा टाका बघा, कसा दात लावल्यागत बसायचा." तिनं चहाचा घोट घेतला. "मला वरीस लागलं एका पायावर यायला."

अनुयाला आईचा तो आवाजही ऐकू आला. सहज, जरा दरडावून, पुढे कुणी काही विचारू नये अशा बेतानं बोललेला. गुडघे धरलेत, हे त्याच आवाजात असायचं.

"तुमाला एक सांगायचंवतं," गुणाबाई म्हणाली. "दोन हप्ते मनात हाय. डाक्टर बोल्ला, मशीन सोड, नायतर गुडघा कामातनं जाईल. मी बोल्ले, माज्या बाईंची एक पिशवी हाय तेवडी करते. ही झाली का मंग बस. भाजी इकीन नाक्यावर. बसूनच इकायचीय." ती हसली. "तर ते मशीन ऱ्हाऊंदे तुमच्याकडंच. मी नेऊन काय करू, त्याच्यावर हंडा ठेवू? तुमची आई तुमच्याकडं ऱ्हाईल."

हे शेवटचं वाक्य ती अगदी साधेपणानं बोलली आणि कप घेऊन मोरीकडे गेली.

त्या दिवशी डोक्यावरची रेघ आणि दांडा झाला. जांभळ्या रेशमात, ओळीला ओळ लागून, कुठे कापड दिसत नव्हतं. वाटी आणि पलटी राहिली. गुडघा चालेना म्हणून गुणाबाई लवकर उठली. पुढल्या शनिवारी पुरं करू, म्हणाली. जिन्यावरून तिच्या उतरण्याचा आवाज किती तरी वेळ येत राहिला.

अनुयाला जे हवं होतं ते तिला न मागता मिळालं होतं. मशीन राहणार. त्यासाठी तिला काही करायचं नव्हतं, गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तिला जन्मभर जमलेलं होतं. आईची लाजही राखली जाणार होती. मेलेल्या माणसाची झाकलेली गोष्ट उघडी करायला आपण कोण, असं तिनं मनाशी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा ते पटलं. पटूनही ती आठवडाभर मशीनसमोर चादर हातात घेऊन उभी राहायची आणि ती घालायची नाही.

बुधवारी तिनं लायब्ररीतून सुटल्यावर कोपऱ्यावरच्या बूथवरून पुण्याला फोन लावला.

"मशीन ठेवणार आहेस का?" सत्यजीत म्हणाला. "ठेव ना मग. तुला करमेल तरी. शिकून घे जरा."

"सतू, तुला आईचा पाय आठवतो?"

"कुठला पाय? गुडघे दुखायचे तिचे, तेच ना?"

बूथच्या काचेवर लाल आकडे पळत होते. सत्यजीत अनुयापेक्षा सात वर्षांनी मोठा, अकरावीपासून घराबाहेर. आईनं त्यालाही दाखवला नव्हता.

"हो. तेच," ती म्हणाली. "सुनीतावहिनीला नमस्कार सांग."

फोन ठेवून ती बाहेर आली. रस्त्यावर बाजाराची गर्दी होती. तो पाय ठाऊक असलेलं आता जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस पिशवीत पाव आणि अर्धा लिटर दूध घेऊन घरी चाललं होतं.

शनिवारी दुपारी ती दार उघडं टाकून वाट बघत बसली. खालून पावलं ऐकू आली. एक पाऊल पायरीवर, मग दुसरं ओढून त्याच पायरीवर. थांबा. परत एक, परत त्याच पायरीवर दुसरं. अनुया खुर्चीतून अर्धवट उठली. हा आवाजही तिच्या ओळखीचा होता. आई भाजी घेऊन अशी वर यायची. तिसऱ्या वळणावर थांबायची, आणि अनुया खाली धावून पिशवी घ्यायची. सहा वर्षांपूर्वी ही बाई ओव्याहून धडधाकट दोन पायांनी चढून आली होती.

अनुया जिन्यात गेली. गुणाबाई कठड्याला धरून उभी होती, वरच्या ओठावर घाम. अनुयानं तिच्या काखेत हात घातला.

"सोडा ताई, येते मी."

"धरा मला," अनुया म्हणाली.

वर आल्यावर गुणाबाई सरळ मशीनशी बसली. रिंग उचलली, सुई बरोबर दांड्याच्या मध्यावर आणली, हातानं चाक फिरवून खालचा दोरा वर घेतला. डावा पाय मागे दांडीवर गेला.

"गुणाबाई," अनुया म्हणाली. "दोन्ही पाय लावा."

"टाका धावंल."

"धावू दे. आईनं तुम्हाला खोटं सांगितलं." तोंडून निघालं ते तिला वाटलं होतं त्याहून कोरडं निघालं. ती पलंगाच्या कडेवर बसली. "तसा काही नियम नाहीये. तिचा डावा पाय लुळा होता. लहानपणापासून. पायडल मारता येईल असा नव्हताच तो. म्हणून ती एका पायानं चालवायची. तुम्ही विचारलंत, आणि सांगायची लाज वाटली, म्हणून काहीतरी सांगून मोकळी झाली."

गुणाबाई रिंगवर हात तसेच ठेवून बसली होती. खाली रस्त्यावर बोंबीलवाली ओरडत गेली.

"गुडघे दुखायचे ना त्यांचे," ती अखेर म्हणाली.

"लोकांना ती तसं सांगायची."

"सहा वर्सं. सहा वर्सं मी बाजूला बसले त्यांच्या." ती मान हलवत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. अनुयाला वाटलं ती रडतेय. पण गुणाबाई हसत होती, आवाज न करता, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "आन् मी सूनबाईलाबी तेच शिकवलं. शेजारणीच्या मशीनवर ती दोन पाय लावते तर मी तिच्या पायावर पट्टी मारते. बोलते, भरताला एकच. काय बाई होती."

"मला आधीच सांगायला हवं होतं," अनुया म्हणाली. "गेल्या शनिवारीच. तुम्ही मशीन ठेवा म्हणालात, आणि मी गप्प बसले."

गुणाबाईचं हसणं थांबलं. तिनं अनुयाकडे पाहिलं, मग मशीनकडे, आणि तिला ते समजलं असावं. तिनं डावा पाय दांडीवरून खाली घेतला, उजव्याच्या जरा मागे पायडलवर ठेवला आणि हलवून बघितला. मशीन एकदम पळालं. वाटीच्या पोटात टाके लांब-लांब पडत गेले, दोन टाक्यांच्या मधून कापड दिसायला लागलं.

"बघा," ती म्हणाली. "धावला. तेवडं बाई खरं बोल्ल्या."

"राहू दे तसंच."

"ऱ्हाऊ दे काय? बाईंच्या नावाचं अक्षर हाय. वरून बघतील आन् माझा उद्धार करतील." तिनं रिंग उलटी केली आणि सुईच्या टोकानं एकेक टाका उचलून उसवायला लागली. अनुयानं कातरी दिली. उसवलेल्या जागी निळे ठिपके पुसट झाले होते. अनुयानं पेन्सिल घेऊन वाटी पुन्हा काढली, पोट मोठं ठेवून.

दुसऱ्यांदाही टाका धावला. तिसऱ्यांदा गुणाबाईनं पायडल इतकं हळू मारलं, की प्रत्येक ठोका वेगळा मोजता यावा. तिची पाठ आता सरळ होती. दोन्ही खांदे एका रेषेत. अनुया पलंगावरून बघत होती. आई त्या स्टुलावर नव्हती. ओव्याची एक बाई दोन पायांनी मशीन चालवत होती, कपाळाला आठी घालून, नवीन शिकणाऱ्या पोरीसारखी जीभ दाताखाली धरून.

वाटी भरली. पलटी झाली. सुई दांड्याला येऊन थांबली आणि गुणाबाईनं दोरा तोडला. दांडा आणि डोक्यावरची रेघ दाट, जराशी तिरकी. वाटीचे टाके सरळ आणि थोडे विरळ. नीट पाहिलं तर कळत होतं.

"आनखी एकदा उसवू?"

"नको. झाली."

"पायाला काय वाटत नाय," गुणाबाई नवलानं म्हणाली आणि गुडघा वाकवून बघितला. मग तिनं रिंग सोडवली, कापड उलटं घातलं, कापड दाबणारी पट्टी परत लावली, दात वर घेतले. बाजू शिवायच्या राहिल्या होत्या, वर नाडीसाठी दुमड घालायची होती. अनुयानं वाळा, बकुळ आणि कापूर ताटात काढून ठेवलाच होता.

"उद्या टेम्पो येईल का?" अनुयानं विचारलं.

"आईतवारी येतो तो. उद्याच आईतवार." गुणाबाई थांबली. "तुमी हितं एकट्या."

"हो," अनुया म्हणाली. "न्या तुम्ही."

गुणाबाईनं पहिली बाजू सुईखाली धरली. दोन्ही पाय पायडलवर ठेवले, पण मशीन सुरू केलं नाही.

"ताई, लई दुखायचा का हो त्यांचा पाय?"

हे अनुयाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कोण विचारणार होतं.

"दुखायचा नाही," ती म्हणाली. "गार पडायचा. थंडीत बर्फासारखा. मी तेल लावायची, तरी माझे हात गार व्हायचे, पण तो तसाच राहायचा."

"आन् झाला कसा?"

"ती माहेरी, शिरढोणला होती तेव्हा. चार वर्षांची."

"सांगा," गुणाबाई म्हणाली. "आता सरळ शिलाई हाय. मला ऐकता येतंय."

मशीन सुरू झालं. अनुयानं पलंगावरून उठून खुर्ची मशीनशेजारी ओढली, मशीनच्या आवाजातही ऐकू जावं म्हणून जवळ सरकली, आणि आईला पहिला ताप आला त्या दिवसापासून सांगायला लागली.